‘स्वतःला स्वीकार’: औषध बरोबर, रुग्ण चुकीचा

“डॉक्टर, असली पुस्तकं वाचूनच मुलं अशी होतात ना?”

अलीकडे पालक हा प्रश्न विचारू लागले आहेत. ‘असली पुस्तकं’ म्हणजे कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या इंग्रजी कादंबऱ्या, ज्यांतली मुख्य व्यक्ती ट्रान्सजेंडर असते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या फोनवर त्या सहज पोहोचतात. आईच्या नजरेला मुखपृष्ठ पडतं, ती मागचा मजकूर वाचते, रात्रभर तिला झोप लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांना विचारते.

दुसऱ्या बाजूला एक उत्साही गट आहे. त्यात काही समुपदेशक आहेत, काही शिक्षक आहेत आणि इन्स्टाग्रामवर ‘सेल्फ लव्ह’चे धडे देणारी मंडळी आहेत. त्यांच्या मते अशी एखादी कादंबरी मुलाच्या हातात ठेवली की काम झालं. मूल ‘स्वतःला स्वीकारायला’ शिकेल आणि सगळं मार्गी लागेल.

पहिल्या गटाला पुस्तक म्हणजे जंतू वाटतो, दुसऱ्याला लस. मला दोघांचंही म्हणणं पटत नाही. दोघांच्या चुकीचं मूळ एकच आहे: जे काही घडायचं ते मुलाच्या डोक्यात घडणार, घरातल्या मोठ्यांनी स्वतःत काहीही बदलायचं नाही. माझं म्हणणं सरळ आहे. या कादंबऱ्या मुलांनी वाचाव्यात की नाही यावर भांडण्याऐवजी त्या आईवडिलांनी वाचाव्यात. ‘स्वीकार’ नावाच्या औषधाची खरी गरज त्यांना आहे.

आधी थोडे शब्द

जन्माच्या वेळी शरीर पाहून ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ अशी नोंद होते. बहुतेकांच्या बाबतीत ही नोंद आणि स्वतःला आतून वाटणारी ओळख जुळते. काहींची जुळत नाही. अशा व्यक्तीला ट्रान्सजेंडर म्हणतात. मराठीत ‘पारलिंगी’ हा शब्द आता रुळतो आहे, सरकारी कागदांवर ‘तृतीयपंथी’ असतो. जन्मनोंद मुलगा अशी झाली पण जी स्वतःला मुलगी म्हणून ओळखते ती ट्रान्स मुलगी. याउलट ट्रान्स मुलगा. समलैंगिकतेशी याची गल्लत करू नका. ‘मी कोण आहे’ आणि ‘मला कोण आवडतं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

हा मानसिक आजार आहे का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणात ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. नोंद पूर्णपणे पुसली नाही, कारण ज्यांना वैद्यकीय मदत हवी आहे त्यांना ती मिळण्यासाठी वर्गीकरणात जागा लागते.

पुस्तकातून लागण होते का?

मधुमेहावरचा लेख वाचून कुणाला मधुमेह होत नाही. ज्याला सारखी तहान लागते, रात्री चार वेळा उठावं लागतं, तो तो लेख शोधून वाचतो. मुलांचंही तसंच असतं. आधी प्रश्न पडतो, मग पुस्तक हातात येतं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या जोगते जात आले. त्यांच्यातल्या कुणी इंग्रजी कादंबरी वाचली होती?

‘मुलांना इंटरनेटमुळे, मित्रमैत्रिणींमुळे हे होतं’ या समजुतीला आधार म्हणून एक संशोधन नेहमी पुढे केलं जातं. अमेरिकेतल्या लिसा लिटमन यांचा तो निबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २५६ पालकांनी प्रश्नावली भरून दिली होती. मुलांना कुणी एक अवाक्षर विचारलं नव्हतं. पालक मिळवले तेही अशा संकेतस्थळांवरून, जिथे ‘आमच्या मुलांना हे अचानक झालं’ अशी चर्चा आधीपासूनच चालू होती. म्हणजे सासूबाईंना प्रश्नावली देऊन सुनेचं निदान करण्यासारखं झालं. संबंधित नियतकालिकाने २०१९ मध्ये या निबंधावर मोठी दुरुस्ती छापली, त्यात हे फक्त पालकांचं निरीक्षण आहे असं स्पष्ट केलं. ती दुरुस्ती मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी पुढे पाठवत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुस्तक वाचून एखाद्या मुलाला आपल्या धूसर भावनेसाठी एक शब्द सापडू शकतो. आणि काही मुलं एखादा शब्द काही महिने वापरून पाहतात, मग सोडूनही देतात. किशोरवय त्यासाठीच असतं. त्या काळात तुम्ही मुलाचं ऐकून घेतलंत तर बिघडत काहीच नाही. केस, कपडे, घरात हाक मारायचं नाव, हे सगळं उद्या परत बदलता येतं. ऐकून न घेतल्यामुळे जे होतं, ते मात्र कधीकधी परत फिरवता येत नाही.

या कादंबऱ्यांत बिघाड नेमका कुठे आहे?

या पुस्तकांवर बोलणाऱ्या बहुतेकांनी ती वाचलेली नसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

ज्युली अ‍ॅन पीटर्स यांची ‘लूना’ २००४ मध्ये आली. अमेरिकेतल्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत ती होती. दिवसा लियम नावाने वावरणारी लूना रात्री बहिणीच्या तळघरातल्या खोलीत स्वतःच्या रूपात बसते. चंद्रासारखी, फक्त रात्री. गोष्ट सांगते ती बहीण, रीगन. लूनाला आपण कोण आहोत याबद्दल तीळभर शंका नाही. शंका वडिलांना आहे. त्यांना मुलाने बेसबॉल खेळायला हवा आहे. झोप उडते ती रीगनची, कारण घरातलं गुपित एकटी तीच सांभाळते आहे.

अ‍ॅलेक्स जीनो यांची कादंबरी २०१५ ची, तीही त्याहून लहान मुलांसाठी. चौथीतल्या मेलिसाला शाळेच्या नाटकात कोळीण शार्लटची भूमिका करायची आहे. लोक तिला जॉर्ज म्हणतात. मेलिसाला आपण मुलगी आहोत हे पहिल्या पानापासून पक्कं ठाऊक आहे. मैत्रीण केली पटकन समजून घेते, मोठा भाऊही. वेळ लागतो तो आईला. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या नोंदीनुसार २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षं या पुस्तकावर सर्वाधिक आक्षेप घेतले गेले. एका दहा वर्षांच्या मुलीला नाटकात काम करायचं आहे एवढंच. पुस्तकाचं मूळ शीर्षक ‘जॉर्ज’ होतं. नायिकेला नको असलेलं नावच आपण मुखपृष्ठावर छापलं, ही चूक आहे असं खुद्द लेखकाने सांगितलं आणि आता ते पुस्तक ‘मेलिसा’ या नावाने निघतं.

एडन थॉमस यांच्या ‘सेमेटरी बॉइज’मध्ये (२०२०) लॉस एंजेलिसमधलं एक लॅटिनो कुटुंब आहे. मृतात्म्यांशी बोलण्याची परंपरा त्यांच्याकडे पिढीजात चालत आलेली. पुरुषांचा विधी वेगळा, बायकांचा वेगळा. याद्रिएल हा ट्रान्स मुलगा. घरचे त्याला पुरुषांचा विधी करू देत नाहीत. तो चुलतबहिणीला बरोबर घेऊन गुपचूप करतो आणि देवी त्याला लगेच स्वीकारते. कादंबरीच्या सुरुवातीलाच! उरलेलं सगळं पुस्तक बापाला पटवण्यात जातं. हे वाचताना मला आपल्याकडचं आठवल्याशिवाय राहत नाही. देवळात देवीपुढे जोगता चालतो. अर्धनारीनटेश्वराची तसबीर भिंतीवर चालते. बृहन्नडा आणि शिखंडी कीर्तनात चालतात. फक्त आपल्या घरातलं मूल चालत नाही.

आणि केसन कॅलेंडर यांची ‘फीलिक्स एव्हर आफ्टर’, हीसुद्धा २०२० चीच. माझ्या मते वडिलांनी वाचायचं पुस्तक हे. फीलिक्सच्या वडिलांनी पदरचे पैसे खर्चून त्याचे उपचार केले आहेत. बाप वाईट नाही, मुलावर जीव आहे. पण ‘फीलिक्स’ हे नाव काही केल्या त्यांच्या तोंडातून निघत नाही. बिल भरलं, नाव नाही घेतलं. असे वडील मी ओळखतो. तुम्हीही ओळखत असाल. फी, क्लास, मोबाइल सगळं वेळेवर देणारे. फीलिक्स आपण नेमके कोण याचा अजून शोध घेतो आहे, तेवढ्यापुरती ही कथा ‘स्वतःला ओळखण्याची’ आहे. पण त्याला सलतं ते वडिलांचं न घेतलेलं नाव, आणि शाळेत कुणीतरी भिंतीवर लावलेले त्याचे जुने फोटो, जुन्या नावासकट.

या पुस्तकांच्या मागच्या पानावर, परीक्षणांत, पुरस्कारांच्या मानपत्रांत ‘आत्मस्वीकाराची हृद्य कहाणी’ वगैरे लिहिलेलं असतं. मला हे चक्क चुकीचं निदान वाटतं. ही मुलं स्वतःला बऱ्यापैकी ओळखून असतात. आजार भोवतालच्यांना झालेला असतो आणि गोळ्या मुलाला दिल्या जातात.

आपल्याकडेही उदाहरणं आहेत. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी अनेकदा सांगितलं आहे की त्यांच्या आईवडिलांनी त्यांना घराबाहेर काढलं नाही. गौरी सावंत यांना तरुण वयात पुण्यातलं घर सोडावं लागलं. दोघींनीही पुढे मोठं काम केलं. पण घर सुटलं ते गौरीताई स्वतःला स्वीकारायला कमी पडल्या म्हणून, असं कोण म्हणेल?

मोठ्यांसाठी कुणी लिहितं का? लिहितात, पण त्याचं काय होतं ते पाहा. २०२१ मध्ये एनसीईआरटीने ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून कसं घ्यावं यावर शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी एक पुस्तिका तयार करून संकेतस्थळावर ठेवली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने आक्षेप घेतला आणि ती काढली गेली. म्हणजे मुलाने स्वतःला स्वीकारावं यासाठी कादंबऱ्या आहेत, रील्स आहेत. वर्गातल्या मोठ्या माणसाने काय करावं हे सांगणारा एक सरकारी मजकूर होता, तो गेला.

नावाचा डोस

“हे सगळं भावनिक झालं डॉक्टर, शास्त्र काय सांगतं?” सांगतो.

२०१८ मध्ये स्टीफन रसेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या तीन शहरांतल्या १५ ते २१ वयाच्या १२९ ट्रान्सजेंडर मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता: तुम्ही निवडलेलं नाव तुम्हाला कुठे कुठे वापरता येतं? घरी, शाळेत, कामाच्या ठिकाणी, मित्रांमध्ये? या चार ठिकाणांपैकी एक ठिकाण वाढलं की आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी आणि प्रत्यक्ष तसं वर्तन ५६ टक्क्यांनी कमी आढळलं. नैराश्याची लक्षणंही कमी. अभ्यास लहान आहे, आणि अशा अभ्यासातून ‘यामुळेच ते झालं’ असं शंभर टक्के म्हणता येत नाही. पण दिशा स्पष्ट आहे. रक्तदाबाच्या गोळीचा असा परिणाम दिसला असता तर आम्ही डॉक्टर मंडळी नाचलो असतो. आणि या गोळीची किंमत शून्य आहे.

कॅटलिन रायन यांचा २००९ चा अभ्यास समलैंगिक आणि उभयलैंगिक तरुणांचा होता, तो पारलिंगी मुलांना जसाच्या तसा लागू करू नये. तरी सांगतो: ज्यांना किशोरवयात घरच्यांनी फार झिडकारलं होतं, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांचं प्रमाण, ज्यांना घरी फारसा विरोध झाला नाही त्यांच्या तुलनेत, आठ पटींहून अधिक होतं. आणि क्रिस्टिना ओल्सन यांनी २०१६ मध्ये दाखवलं की ज्या लहान ट्रान्स मुलांना घरच्यांनी त्यांच्या ओळखीसह वाढवलं, त्यांच्यात नैराश्य इतर मुलांइतकंच होतं. चिंता किंचित जास्त. त्यात ३ ते १२ वर्षांची ७३ मुलं होती.

आता हे नावाचं प्रकरण मराठी घरात कसं दिसतं? इथे या इंग्रजी कादंबऱ्या आपल्याला पुरत नाहीत. इंग्रजीत ‘मी’ला लिंग नसतं. इंग्रजी बोलणारं मूल दिवसभर स्वतःबद्दल बोललं तरी व्याकरण त्याची चहाडी करत नाही. तिथलं भांडण दुसऱ्यांनी काय म्हणायचं याचं असतं. मराठीत मूल शाळेतून घरी येतं आणि दारातच परीक्षा असते: “आलो” म्हणू की “आले”? दिवसातून शंभर वेळा ही परीक्षा.

अशी मुलं मग काय करतात माहीत आहे? वाट काढतात. “जेवलो” किंवा “जेवले” न म्हणता “माझं जेवण झालं” म्हणतात. “जातो”, “जाते”च्या जागी “मला जायचंय”. भविष्यकाळ सुरक्षित, “मी करीन”. कर्म असलेला भूतकाळही सुरक्षित, “मी पुस्तक वाचलं”. हे मराठी व्याकरणातले आडोसे आहेत, आणि आपल्या घरातलं एखादं मूल रोज त्यांच्यामागे लपत असेल. ते अचानक कमी बोलू लागलं, तुटक बोलू लागलं, तर प्रत्येक वेळी कारण मोबाइलच असतं असं नाही.

आणि समजा मुलगी म्हणून नोंद झालेल्या तुमच्या मुलाने “मी आलो” म्हटलंच, तर? कोल्हापूरकडे बायका सर्रास “मी आलो, मी जातो” म्हणतात. तिथे कुणाचा संसार मोडलेला नाही.

ज्या आईला नवीन नाव पहिल्याच दिवशी जमत नाही तिला मी एक सोपी वाट सांगतो. मराठीत पिल्लू आहे, सोनं आहे, बाळ आहे. ‘माझं पिल्लू’ म्हणताना मुलगा-मुलगी ठरवावं लागत नाही. सुरुवात तिथून करा, आणि मुलाला विचारा, “तुला काय म्हणू?” विचारल्याशिवाय स्वतः काही ठरवू नका.

किशोरवयीन वाचकांसाठी मराठीतच, या व्याकरणाच्या अडचणीसकट लिहिलेली अशी कादंबरी मला हवी आहे. मोठ्यांसाठी ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’सारखं आत्मकथन आपल्याकडे २०१२ पासून आहे. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती मात्र इंग्रजीच येतं, आणि त्यातला बाप टेनेसीचा असतो, सांगलीचा नसतो.

कादंबरी म्हणजे प्रिस्क्रिप्शन नव्हे

टेनेसीचा उल्लेख आला तो मेरेडिथ रूसो यांच्या ‘इफ आय वॉज युअर गर्ल’मुळे (२०१६). या पुस्तकाचं मला कौतुक आहे, आणि एक इशाराही द्यायचा आहे. नायिका अमांडा सुंदर आहे, कुणाला संशय येत नाही, तिची शस्त्रक्रिया झालेली आहे. लेखिका स्वतः ट्रान्स स्त्री आहेत. पुस्तकाच्या शेवटच्या टिपणात त्या मोकळेपणाने लिहितात की वाचकाला नायिका पटकन आपलीशी वाटावी म्हणून त्यांनी वाट सोपी केली: प्रत्यक्षात तिला हार्मोन्स इतक्या लवकर रीतसर मिळाले नसते आणि तिच्या घरच्यांना शस्त्रक्रिया परवडली नसती. ते टिपण न वाचता पुस्तक मिटणाऱ्या मुलाला वाटतं, सगळ्यांचं असंच होतं. मग आरशात पाहून आणखी निराशा.

वैद्यकीय उपचारांबद्दल स्पष्ट बोलतो, कारण इथे दोन वेगळे वाद एकात मिसळले जातात. वयात येणं थांबवणारी औषधं अल्पवयीन मुलांना द्यावीत का, यावर जगभरात खरा मतभेद आहे. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या समितीचा अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला. पुरावे कमकुवत आहेत असं त्यात म्हटलं आहे, आणि त्याआधी महिनाभर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने ही औषधं नियमितपणे देणं थांबवलं होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये आपली उपचारांना पाठिंबा देणारी भूमिका कायम ठेवली, आणि पुराव्यांचा नव्याने आढावा घ्यायचंही ठरवलं. हा वाद तज्ज्ञांना घालू द्या. त्यात शिकण्यासारखं बरंच आहे.

पण काही जण या वादाचा आडोसा घेऊन म्हणतात, “बघा, परदेशातसुद्धा हे सगळं बंद केलं.” काय बंद केलं? काही ठिकाणी अल्पवयीनांचे काही वैद्यकीय उपचार. मुलाला प्रेमाने वागवणं कुणीही बंद केलेलं नाही. “तुला काय म्हणू?” या प्रश्नाला कोणत्याही देशाच्या आरोग्यखात्याची परवानगी लागत नाही.

घरात दार बंद असलं की मुलं स्वतःच उपाय शोधतात, आणि डॉक्टर म्हणून मला भीती याची आहे. ट्रान्स मुली औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या घेऊन वाटेल तशा खातात. त्यातल्या इस्ट्रोजेनने रक्तात गुठळी होऊ शकते. पोटरी सुजणं, अचानक दम लागणं, छातीत दुखणं ही तातडीची लक्षणं आहेत. ट्रान्स मुलं छाती सपाट दिसावी म्हणून मुरगळलेल्या पायाला बांधतात ते क्रेप बँडेज छातीभोवती आवळतात. कादंबऱ्यांतल्या मुलांकडे बाइंडर नावाचं खास शिवलेलं वस्त्र असतं. क्रेप बँडेज त्याची जागा घेऊ शकत नाही: ते हालचालीबरोबर आणखी आवळत जातं, बरगड्या दुखतात, श्वास अपुरा पडतो. बाइंडरसुद्धा आठ तासांपेक्षा जास्त घालू नये, झोपताना आणि व्यायाम करताना तर नाहीच. काही मुलं शाळेत कोणत्या स्वच्छतागृहात जायचं या भीतीने दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग लघवीचा संसर्ग होतो. वारंवार पोटदुखी, सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, तरी सोमवारी सकाळी पोट दुखतंच. प्रत्येक पोटदुखीमागे हेच असतं असं नाही, पण मुलाशी एकट्याशी बोलल्याशिवाय कळतही नाही. म्हणून मी किशोरवयीन रुग्णाशी बोलताना आईवडिलांना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगतो. राग येतो काहींना. येऊ दे.

‘बरं करून देतो’ म्हणणारे

आपल्याच व्यवसायातल्या काहींवर मला सर्वात जास्त राग आहे. समुपदेशनाने, शॉकने, हार्मोनच्या इंजेक्शनने मुलाला ‘नॉर्मल’ करून देतो असं सांगून पैसे घेणारे. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये यावर कडक भूमिका घेतली आणि त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा ‘रूपांतरण उपचारां’ना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तेव्हा कुणी डॉक्टर असं आश्वासन देत असेल तर तिथून उठा. अंगारा देणारा बाबा आणि हा डॉक्टर यांच्यात फरक एवढाच की डॉक्टर पावती देतो, तीही कधीकधी. ‘लग्न लावून द्या, सगळं ठीक होईल’ हा सल्लाही याच जातीचा. त्यात एक नाही, दोन आयुष्यं बुडतात.

मुलाने तुम्हाला सांगितलं तर पहिलं वाक्य हे असू द्या: “बरं झालं सांगितलंस.” पुढचं काही सुचलं नाही तरी चालेल. काकाला, आत्याला, सोसायटीतल्या कुणाला त्याच्या परवानगीशिवाय सांगू नका. फोन काढून घेऊ नका, पुस्तक तर नकोच. मुलाला त्या पुस्तकात निदान एक माणूस आपल्यासारखा भेटलेला असतो. तो माणूस हिरावून घेतलात तर घरात त्याला दुसरं कुणी उरत नाही.

मूल फार गप्प झालं असेल, मरणाबद्दल बोलत असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल तर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी न्या, एकटं सोडू नका. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मुलं स्वतः १०९८ वरही फोन करू शकतात.

आता कुठलं पुस्तक आधी वाचावं, हे विचारणाऱ्या पालकांसाठी: भावंडं असलेल्या घराने ‘लूना’पासून सुरुवात करावी, कारण गुपित सांभाळणाऱ्या बहिणीकडे कुणाचंच लक्ष नसतं. वडिलांनी ‘फीलिक्स’. मूल दहा-अकरा वर्षांचं असेल तर ‘मेलिसा’; ते लहान आहे, दोन दिवसांत होतं. इंग्रजी कादंबरी जड जात असेल तर मुलालाच सांगा, रोज रात्री जेवणं झाल्यावर एक प्रकरण मराठीत वाचून दाखव. वाचताना “मी”च्या पुढे कोणती क्रियापदं घ्यायची ते मुलाला ठरवू द्या, आणि मध्ये दुरुस्ती करू नका.